फोटो दाखवा, म्हणू नका!

घरातली मंडळी कुठे बाहेर निघाली, की आपलं एक वाक्य ठरलेलं असतं. "तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा." मग ती सहल असो, जत्रेतली रोषणाई असो, नाहीतर शेजारच्या गच्चीवरून दिसणारं चंद्रग्रहण असो. गॅसवर दूध तापत असतं, कुणाची तरी औषधाची वेळ झालेली असते, शिवाय घरात कुणीतरी थांबायला हवंच. आणि हे 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा आपणच! खरं सांगा, मागाहून आलेले ते फोटो तरी आपण कितीदा नीट बघतो? एका हातात पोळीचं उलथनं आणि दुसऱ्या हातात मोबाईल. "हो, छान आलेत," म्हणायचं, की झालं.

मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला अशा एका गोष्टीबद्दल सांगणार आहे, जी फोटोत दिसते ती वेगळी आणि डोळ्यांना दिसते ती वेगळी. ध्रुवीय प्रकाश. इकडे त्याला नॉर्दर्न लाइट्स म्हणतात, शास्त्रज्ञ अरोरा म्हणतात. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवी, म्हणजे आपली उषाच म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, "ते नॉर्वेला नाहीतर अलास्काला दिसतं. आमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, बरं का. आज आपल्या तालुक्याच्या गावातूनही कुणाचा मुलगा कॅनडात आहे, कुणाची लेक अमेरिकेत आहे. बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी आपल्याकडच्या कितीतरी जणी सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात आणि मॉल, धबधबा, देऊळ एवढं पाहून परत येतात. पण कधीकधी हा प्रकाश ध्रुवाकडून खाली उतरून थेट मोठ्या शहरांच्या वेशीपर्यंत येतो. तेव्हा तिकीट लागत नाही, लागते ती फक्त घराबाहेर पडायची तयारी.

आम्ही राहतो टोरांटोला लागून असलेल्या मार्कहॅममध्ये. टोरांटो म्हणजे काही बर्फाळ ध्रुव नव्हे. नकाशात पाहिलंत तर ते इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहे. पण पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव भूगोलातल्या ध्रुवावर बरोबर बसत नाही, तो कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. म्हणून फ्लॉरेन्सपेक्षा टोरांटोकरांच्या नशिबी हा प्रकाश जास्त वेळा येतो. तरी रोज नव्हे हं! त्यासाठी सूर्यावर मोठं काहीतरी घडावं लागतं.

सूर्य आपल्याला रोज सारखाच दिसतो, पण त्याच्या पोटात सारखी खळबळ चाललेली असते. सुमारे अकरा वर्षांचं त्याचं एक चक्र आहे. त्या चक्राच्या ऐन भरात सूर्यावरचे डाग वाढतात, आणि मधूनच तापलेल्या वायूचा एक प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो. लक्ष नसताना दूध उतू जावं, तसंच काहीसं. हा लोट पृथ्वीच्या रोखाने निघाला, तर एक ते चार दिवसांत इथे पोचतो. पृथ्वी हा स्वतःच एक मोठा लोहचुंबक आहे. त्या चुंबकाचं कवच आपलं रक्षण करतं, पण धक्का मोठा असला की कवच हादरतं आणि विद्युतभारित कण ध्रुवांकडच्या हवेत वेगाने खाली उतरतात. ते हवेवर आदळले, की हवा उजळते. दुकानांवरच्या निऑनच्या पाट्यांमधला वायू उजळतो ना, साधारण तसंच. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा प्राणवायू हिरवा दिसतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा प्राणवायू लाल दिसतो, आणि खालच्या काठाला नत्रवायूची गुलाबी-जांभळी किनार असते. आपले पावसाचे ढग फार तर पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत जातात, यावरून अंदाज करा!

एरवी हा सारा खेळ ध्रुवाभोवती बांगडीसारख्या एका कड्यात चालतो. वादळ मोठं असलं, की बांगडी रुंदावते आणि खाली सरकते. दूरच्या गावांना मग तिचा वरचा, लाल भागच तेवढा दिसतो. १० मे २०२४ च्या रात्री असं मोठं वादळ झालं. वादळं मोजायच्या पाच पायऱ्यांपैकी पाचवी. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. त्या रात्री आपल्या लडाखमधल्या हानले गावच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनीही आकाशातली लाली टिपली. आमच्या घरी मात्र कुणालाच पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी शनिवार. मी मराठीचा वर्ग घेते, तिथे मुलांना सोडायला आलेल्या आया एकमेकींना फोटो दाखवत होत्या. मीही पाहिले. "हो, छान आलेत," म्हटलं.

त्यानंतर मेअखेरीला सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. वय त्र्याहत्तर. येण्याआधी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतलेले. मनाने उत्साही, पण इथे आल्यावर घराचा उंबरा क्वचितच ओलांडायच्या. रस्ते ओळखीचे नाहीत, भाषा ओळखीची नाही. "मी घर सांभाळते, तुम्ही जाऊन या," हे त्यांचं पालुपद. दिवाळी झाली की परत जायचं ठरलेलं होतं, आणि पुन्हा एवढा प्रवास झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं.

आता ऑक्टोबरची गोष्ट. ८ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे तुमच्याकडे ९ तारखेच्या सकाळी, सूर्यावर मोठा स्फोट झाला. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राने चौथ्या पायरीचा इशारा दिला. १० तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला तो लोट पृथ्वीपाशी येऊन धडकलासुद्धा. संध्याकाळी सातला ह्यांच्या फोनवर मित्रांचे निरोप सुरू झाले, "आकाश लाल दिसतंय, बाहेर पडा!" आमची पाचवीतली लेक तर उड्याच मारायला लागली.

पण घरात घट बसलेले होते. नवरात्राचा आठवा दिवस. अखंड दिवा तेवत होता. तो सोडून सगळ्यांनी बाहेर कसं पडायचं? इथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, त्यामुळे पेटता दिवा एकटा ठेवणं धोक्याचंच. आणि दिवा विझवायचा, हा विचार तर कुणाच्या मनातही आला नाही.

"तुम्ही तिघं जाऊन या," आई म्हणाल्या. "मी आहे दिव्यापाशी. मला फोटो दाखवा."

ते वाक्य ऐकलं आणि मला माझाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मी ह्यांना म्हटलं, "आज दिव्याजवळ तुम्ही थांबाल का?"

ह्यांनी बूट घातले होते, गाडीची किल्ली हातात होती. मे महिन्यातली संधी हुकल्यापासून हे या दिवसाची वाट बघत होते, हे मला ठाऊक होतं. क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तेल किती वेळाने घालायचं?"

"अरे, तुला नाही जमायचं," आई म्हणाल्या.

"रोज बघतोय की तुझं. जमेल. तू जा."

मग वात कधी पुढे सारायची, काजळी कशी झाडायची, तेलाचं भांडं कुठे ठेवलंय, अशा सूचना देऊन, माझा जुना कोट आणि दोन मोजे चढवून, आई गाडीत बसल्या. डबाही विसरल्या नाहीत. उपवास होता ना, शेंगदाण्याचे लाडू बरोबर होते.

आता कुठे जायचं, हेही महत्त्वाचं असतं. टोरांटोच्या दक्षिणेला ओंटारिओ सरोवर आहे आणि उत्तरेला उपनगरांचा झगमगाट. ध्रुवीय प्रकाश उत्तरेला असतो, म्हणजे शहराच्या काठावर उभं राहिलं की नेमका दिव्यांच्या उजेडातच तो शोधावा लागतो. म्हणून आम्ही ४०४ नंबरच्या हमरस्त्याने उत्तरेला निघालो आणि तासाभरात सिमको सरोवराच्या दक्षिण काठाला पोचलो. तिथे उभं राहिलं की समोर उत्तरेला नुसतं पाणी आणि अंधार. शहर आपल्या पाठीशी. नैऋत्येला अर्धा चंद्र खाली झुकलेला होता. काठावर वीस-पंचवीस माणसं होती, पण सगळी हळू आवाजात बोलत होती, देवळात बोलावं तशी.

पहिली पाच मिनिटं काहीही दिसलं नाही. आई म्हणाल्या, "कुठे गं?" लेक रडकुंडीला आली. शेजारी खुर्ची टाकून एक चिनी आजीबाई गोधडी पांघरून बसल्या होत्या. त्यांनी आईंना आपली दुसरी खुर्ची सरकवून दिली आणि आधी डोळे मिटून दाखवले, मग आकाशाकडे बोट केलं. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे, असं त्यांचं म्हणणं. तेच खरं होतं. डोळे अंधाराला सरावायला चांगली वीस मिनिटं लागतात, आणि मध्ये एकदा मोबाईल पाहिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

तेवढ्या वेळात आईंनी ध्रुव शोधला. लग्नात आपल्याला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. त्यानंतर आकाशाकडे कोण बघतंय? "आमच्या अलिबागला तो केवढा खाली असतो, इथे तर मान वर करावी लागते," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. ध्रुवतारा जितक्या अंशांवर दिसतो, तोच आपल्या गावाचा अक्षांश. अलिबागला अठरा-एकोणीस, इथे चव्वेचाळीस. आणि खाली सप्तर्षी तर पाण्याला टेकल्यासारखे दिसत होते.

मग सप्तर्षींच्या मागे एक फिकट पट्टा दिसायला लागला. पांढुरका, पातळ ढगासारखा. पण ढग ताऱ्यांना झाकतो, याच्यातून तारे आरपार दिसत होते. हळूहळू त्या पट्ट्यातून उभ्या रेघा वर चढल्या. एक विझायची, दुसरी उमटायची. आवाज नाही, वारा नाही, नुसती हालचाल. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लुगडं वाळत घातलंय आणि वाऱ्यावर हलतंय, तसं दिसतंय." मी आजवर या प्रकाशाची पुष्कळ वर्णनं वाचली आहेत. याहून नेमकं मला सुचणार नाही.

दहाच्या सुमाराला तो लुगड्याचा काठ एकदम वर सरकला आणि आमच्या डोक्यावर लाली पसरली. लाल भडक नव्हे. कुंकवाचं बोट पाण्यात बुडवल्यावर पाण्याला जो रंग येतो ना, तेवढाच. काठावरची सगळी माणसं एकदम "ओ!" म्हणाली. चिनी आजीबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी आईंचा हात धरला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पाच-सात मिनिटांनी लाली ओसरली, तेव्हा आईंनी डबा उघडून त्यांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

लेकीने माझ्या फोनवर चार फोटो काढले होते. ते पाहून मी चकितच झाले. पोपटी, गुलाबी, जांभळा, नुसती रंगपंचमी! समोर मात्र तेवढे रंग नव्हते. त्याचं कारण साधं आहे. अंधारात बघणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना उजेड कळतो, रंग कळत नाहीत. कॅमेरा पाच-दहा सेकंद डोळा उघडा ठेवून प्रकाश साठवतो, म्हणून त्याला रंग दिसतात. म्हणजे फोटो खोटा नसतो. पण ते जे हलणं आहे, अंधारातून हळूच उमलणं आहे, थंडीत शेजारच्या अनोळखी बाईने आपला हात धरणं आहे, ते कॅमेऱ्याला साठवता येत नाही.

बाराच्या आत घरी आलो. दिवा मंद तेवत होता, काजळी झाडलेली होती, आणि हे पाटाशेजारी भिंतीला टेकून जागे बसले होते. आम्हाला बघताच म्हणाले, "फोटो काढलेत ना? दाखवा!" आई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आईंना एक गंमत सांगितली. अलिबाग त्यांचं माहेर. तिथे चुंबकीय वेधशाळा आहे, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आत काय चालतं, ते मात्र कधी कुणी सांगितलं नव्हतं. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नाजूक सुयांची मोजमापं बिघडणार, म्हणून ती कामं १९०४ मध्ये अलिबागला हलवली. लोखंडाचा स्पर्श नसलेल्या तिथल्या इमारतीत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेव्हापासून होत आली आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये आजवरच्या नोंदींतलं एक सर्वांत मोठं सौरवादळ झालं. त्याच्या ज्या नोंदी कुलाब्याला झाल्या, त्या आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. म्हणजे असं वादळ आलं, की कॅनडात आकाश रंगतं, आणि अलिबागला रंग दिसले नाहीत तरी तिथली सुई हलते! आई थोडा वेळ विचारात पडल्या. "म्हणजे तिकडेही पोचतं तर," म्हणाल्या.

हे वादळ नुसतंच शोभेचं नसतं, हेही सांगायला हवं. १३ मार्च १९८९ ला अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. म्हणून तर अवकाशातल्या हवामानाचा अंदाज रोज दिला जातो, आणि त्याचा फायदा आपल्यालाही होतो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी लेकाकडे, लेकीकडे जाणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने या वादळांना जास्त अनुकूल. सूर्याच्या चक्राचा भर २०२४ मध्ये होता, पण भर ओसरल्यावरही काही वर्षं मोठी वादळं होत राहतात. मुलांना सांगून ठेवा, की अंदाजात 'केपी' नावाचा आकडा असतो, शून्य ते नऊ. टोरांटो, शिकागो, डेट्रॉईटसारख्या शहरांजवळ तो सात किंवा वर गेला, की निघायची तयारी करायची. जागा अशी निवडायची, की उत्तरेला मोकळं पाणी नाहीतर शेत असेल आणि शहर पाठीमागे राहील. निघण्यापूर्वी आणि वाटेत स्वच्छतागृहाची सोय बघून घ्या. वयस्कर बायका याच काळजीने नाही म्हणतात. घडीची खुर्ची, जाड मोजे, कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा घ्या. ऑक्टोबरातही पाण्याकाठी थंडी हाडात शिरते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा, म्हणजे डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. फोटो काढायचाच तर फोन कठड्यावर टेकवून, 'नाइट मोड' लावून, दोन-चारच काढा आणि फोन पिशवीत टाका.

आई नोव्हेंबरात परत गेल्या. जाण्यापूर्वी एकदा त्यांच्या धाकट्या बहिणीचा अलिबागहून फोन आला होता. लेकीने पाठवलेला फोटो मावशींनी सगळ्यांना दाखवला होता. "काय गं रंग ते! अगदी असंच दिसलं का तुला?" त्या विचारत होत्या.

"छे गं," आई म्हणाल्या. "ते मोबाईलने पाहिलेलं. मी पाहिलं ते वेगळं. सावकाश सांगते, बस."

आणि मग अर्धा तास त्या सांगत होत्या. पाच महिन्यांत त्यांच्या फोनवर आमच्याच बातम्या असायच्या, नातीची शाळा, लेकाची नोकरी. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची स्वतःची बातमी होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात हा प्रकाश दिसणार नाही. पण ग्रहण दिसेल, धूमकेतू दिसेल, कोजागिरीचा चंद्र तर दरवर्षी दिसतो. तेव्हा दूध गॅसवरून उतरवून ठेवा. दिव्यात तेल घालायला घरात दुसराही हात असतो, तो एकदा मागून तर बघा!